तुझ्याच बरणीत ठेव

९ ऑक्टोबर

ताई,

आधी खोकं उघड, मग पत्र वाच. उघडलंस? आता बोल! गेली कित्येक वर्षं माझं डोकं खातेस, मडकी थापत बसण्यापेक्षा कुठेतरी नोकरीला चिकट म्हणून. ही बरणी खिडकीत उन्हाला धर. तुझा चष्मा दिसेल त्यात, आणि त्यामागचे वटारलेले डोळेही.

असा मधासारखा रंग माझ्या हातून आजवर उतरला नव्हता. भांड्यावर काचेसारखी चढते त्या जुन्या झिलईसाठी भट्टी पांढरीफटक पेटवावी लागायची. दोन दोन दिवस लाकूड घालून नाकी नऊ यायचे, आणि एवढं करून निम्मा माल खरखरीत. ही नवी झिलई निम्म्या आचेवर पाण्यासारखी वितळते. कशाची आहे ते विचारू नकोस. कारागिराचं गुपित आहे आणि तुझ्या पोटात तीळ भिजत नाही.

ज्या भांड्याचा कुठे टवका उडाला किंवा झिलई ओघळली, तो डागी माल विकायचा नाही, घरात वापरायचा, हा आपल्या बाबांचा नियम मी पाळतो. आमच्या स्वयंपाकघरात आता एकही भांडं सरळ उभं राहत नाही अशी हिची कुरकुर चालू असते. पण पाहुणे आले की तीच ती भांडी पुढे करते.

भिंगरीला सहावं लागलं. शाळेतून आली की अंगणात गरागरा फिरते, आपटते, हसते, पुन्हा फिरते. तुझ्या बरणीची झिलई तिनेच माझ्याशेजारी बसून ढवळली. कोपरापर्यंत पिवळी झाली होती कार्टी. हल्ली अधूनमधून पोट दुखतं म्हणते. शाळेला दांडी मारायची युक्ती असावी, माझ्यावरच गेली आहे. खाली जे गोल गोल काढलंय ते तिने काढलंय. ती स्वतः आहे म्हणे, फिरताना.

तुझा
मडक्या

१७ ऑक्टोबर

मडक्या,

घे, शब्द गिळले. बरणी खरंच सुरेख आहे. बाबा असते तर त्यांनी आधी दोन चुका काढल्या असत्या आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवली असती.

आता माझं ऐक आणि घाबरू नकोस. न्हाणीघरात पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. पस्तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात लोकांच्या लेकरांना उठवलं-बसवलं, आता शेजारीण येऊन मला कुशीवर वळवते. डॉक्टर म्हणाले, फेब्रुवारीपर्यंत हलायचं नाही. तू येऊ नकोस, भट्टी सोडून इथे माझं तोंड बघायला. पत्र पाठव, तेवढं पुरे.

बरणी उशाशी ठेवली आहे. एकटीला कसली साठवण लागते? तुझी पत्रंच ठेवते तिच्यात. तोंड मोठं आहे, हात सहज जातो.

भिंगरीच्या पोटदुखीला युक्ती म्हणू नकोस. मूल पोट धरतं तेव्हा हात कुठे ठेवतं ते बघावं. बेंबीशी, की खाली उजव्या बाजूला? ताप? उलटी? शौचाला रोज होते का? तुमच्याकडे ना फोन ना धड रस्ता, तेव्हा मला तुझ्या पत्रातूनच तिची नाडी बघायची आहे. नीट बघून सगळं लिही. आणि तिला सांग, आत्याने तिचं गोल गोल भिंतीला लावलंय.

ताई

२२ नोव्हेंबर

ताई,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. मागणी वाढली आहे, एकामागून एक भट्ट्या लावतोय. पाय कसा आहे? खोटं लिहू नकोस.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं हिला विचारून लिहितो. हात बेंबीशी ठेवते. ताप नाही. शौचाला तीन तीन दिवस होत नाही, झाली तर रडते. खाणं कमी. आणि चेहरा पांढरा पडलाय तिचा, ओठसुद्धा. इथल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले जंत असतील, एक गोळी दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा रक्त तपासलं. चिठ्ठीवर रक्त सात लिहिलंय. सात म्हणजे किती कमी?

शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, मुलगी फार चिडचिडी झाली आहे, शेजारच्या मुलीला चावली. पूर्वी पटापट गिरवायची ती अक्षरं आता मध्येच सोडून देते. मी घरी येऊन तिला रागावलो. ताई, मी एक लावलीसुद्धा. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

डॉक्टर म्हणतात मोठ्या रुग्णालयात दाखवा. जाणं-येणं आणि रांगा धरून अख्खा दिवस मोडतो, आणि भट्टी पेटलेली असताना मला हलता येत नाही. तुझ्यासारखी बाई घरात असताना मोठं रुग्णालय कशाला? तू सांग काय करू.

मडक्या

२९ नोव्हेंबर

मडक्या,

पहिली गोष्ट, पोरीवर पुन्हा हात उगारलास तर हे मोडलेलं हाड घेऊन मी तिथे येईन. रक्त सात असलेलं मूल चिडचिड नाही करणार तर काय गाणी म्हणेल? निरोगी मुलाचं बारा असतं. दमलेलं असतं लेकरू, त्याला कळत नाही की आपण दमलोय. ते चावतं.

कसलं जंतबिंत! अशी पांढरी पोरं मी माझ्या वॉर्डात शेकड्यांनी पाहिली. अंगातलं लोह कमी झालंय, बस्स. मोठ्या रुग्णालयात जायची काही गरज नाही. तिथेही हेच सांगतील, वर दिवसभर रांगेत उभं करतील. लोहाचं औषध घे, नाव वेगळ्या कागदावर लिहिलंय. रोज एकदा, रिकाम्या पोटी. नुसतं देऊ नका, अंगाला लागत नाही. सोबत लिंबाचं सरबत द्यायचं, म्हणजे लोह रक्तात उतरतं.

रोज पिळत बसू नका. रस काढून साखर घालून एकदम करून ठेवा. पण पितळेच्या, लोखंडाच्या भांड्यात ठेवाल तर याद राखा, आंबट चढतं त्यांना. प्लॅस्टिकही नको. तुझ्याच बरणीत ठेव. घरात एवढ्या बरण्या असताना दुसरं भांडं शोधायला नको.

एक विचारायचं राहिलं. घरात नवीन काही आलंय का? भिंतींना रंग, उंदीर मारायचं औषध, कुठलं तेल, कुठली भुकटी? मुलं काहीही तोंडात घालतात. असेल तर लपवू नकोस, मला लिही.

आणि तुझं अक्षर! शेवटच्या चार ओळी कावळ्याचे पाय. माणसाने मोठं व्हावं तसं अक्षर सुधारावं, तुझं उलटंच चाललंय. आळशी.

ताई

२० डिसेंबर

ताई,

औषध सुरू केलं. सरबत तिला फार आवडतं, तेवढ्यासाठी औषध न कुरकुरता घेते. ओघळलेल्या झिलईची ती मोठी बरणी, तिच्यात आठवड्याचं करून ठेवतो. ही तुझ्या पत्रातली वेळ घड्याळ लावून पाळते. एवढ्या भक्तीने तिने माझं कधी काही ऐकलेलं नाही.

पोट मात्र जास्त दुखतं. पाय पोटाशी घेऊन झोपते. शौच काळी होते आणि आता पाच पाच दिवसांनी. लोहाच्या औषधाने असं होतं का?

नवीन काही नाही घरात. रंग नाही, औषध नाही. जे होतं तेच आहे.

अक्षराचं म्हणशील तर थंडी आहे गं. दिवसभर गार माती हातात. चाकावर भांडं ओढताना उजवा हात मधेच मऊ पडतो, चार चांगली भांडी ढासळून बसली परवा. वय झालं म्हणायचं. तू हसशील, पण परवा बटण लावायला हिला बोलवावं लागलं. पोटातही कळ येते अधूनमधून. आम्ही बापलेक दोघं पोट धरून बसलो की ही कपाळाला हात लावते.

भिंगरीला सांगितलं आत्याला गोल काढ. तिने काढलं, मग खोडलं. म्हणाली फिरल्यावर डोकं दुखतं.

मडक्या

२७ डिसेंबर

मडक्या,

हो, लोहाने शौच काळी होते, घट्टही होते. त्याने घाबरून औषध बंद केलंस तर खबरदार. तीन महिने द्यावंच लागतं. पोट साफ व्हायला सरबताचं प्रमाण वाढवा. सकाळी एक देता ना, आता दुपारी आणि संध्याकाळी पण द्या. आंबटाने कोठा सुटतो.

डोकं दुखतं तेही रक्त कमी असल्यामुळेच. धीर धरा. मुलं एकदम नाही सुधारत, एका सकाळी उठून बघावं तर हसत असतात. मी पाहिलंय.

तुझ्या हाताला रात्री तेल लावून शेक. आणि त्या भट्टीपुढून उठ जरा, बैठक मारून मारून पोट बिघडतं. माझा पाय बरा आहे. खोटं लिहीत नाही.

ताई

१७ जानेवारी

ताई,

मी फार घाबरलोय. सरळच लिहितो.

तीन सरबतं देतोय रोज. पोरगी खंगत चालली. उलट्या होतात, पोटात काही नसताना होतात. चालताना झोकांडी जाते. परवा उंबऱ्याशी पडली, हात पुढे टेकावेत तर तेही सुचलं नाही, तोंडावरच पडली. पाटी पुढे ठेवली तर नुसती बघत राहते. स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर विसरली, ताई. दिवाळीच्या सुट्टीआधी ती सगळी बाराखडी घडाघडा म्हणायची. काल मला म्हणाली, बाबा, माझ्या डोक्यात कोणीतरी बसलंय.

ही म्हणते मोठ्या रुग्णालयात नेऊ. मी म्हटलं, ताईला विचारून. ती माझ्यावर ओरडली. लग्नाला नऊ वर्षं झाली, ती अशी कधी ओरडली नव्हती.

अक्षराची माफी कर. पेन धरवत नाही. ओळ सरळ चालू करतो आणि ती खाली उतरते.

चित्र नाही या वेळी.

मडक्या

२१ जानेवारी, सकाळी सुरू, दुपारी पूर्ण

मडक्या, हे पत्र मी टपालात टाकत नाही. शेजारणीकरवी तुमच्याकडे येणाऱ्या गाडीच्या वाहकाच्या हातात देते आहे. भट्टीवर नेऊन दे म्हणून त्याचे पाय धरायला सांगितलेत. उभ्या उभ्या वाच आणि वाचून होताच ऊठ.

सरबत बंद. आत्ता, या क्षणी. घरातलं झिलईचं एकही भांडं वापरू नका, पाण्यालासुद्धा नाही. पोरीला उचला आणि मोठ्या रुग्णालयात न्या. भट्टी विझली तर विझू दे. डॉक्टरांना हे पत्र दाखव आणि सांग, शिसं. तिच्या अंगात शिसं भिनलंय असा संशय आहे. रक्तातलं शिसं तपासा म्हणावं.

मला कसं कळलं विचारशील. तुझं पत्र काल आलं. 'ओळ खाली उतरते' एवढं वाचलं आणि मला काहीतरी टोचलं. बरणीतली सगळी पत्रं काढून पांघरुणावर तारखेने मांडली. ऑक्टोबरचं अक्षर उभं आहे. नोव्हेंबरात शेवटी लोंबतंय. डिसेंबरात पहिल्याच ओळीपासून. मी त्याला आळस म्हणत होते! चाळीस वर्षांपूर्वी, मी नवी नवी परिचारिका असताना, पुरुषांच्या वॉर्डात एक रंगारी होता. पोटात कळा, चेहरा पांढरा, आणि उजवा पंजा मनगटातून लोंबकळलेला. त्याला पेला उचलता यायचा नाही. आमच्या डॉक्टरांनी त्याचा खालचा ओठ ओढून आम्हा सगळ्या पोरींना दाखवलं होतं, हिरडीवर दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ.

आरशासमोर जा. ओठ ओढ. बघ. मग दोन्ही हात पुढे धर, तळवे खाली, आणि पंजे वर उचल. उजवा उचलला जातो का?

सकाळी मी रिकाम्या बरणीत लिंबू पिळून ठेवलं. ही काही तपासणी नव्हे, प्रयोगशाळेतच खरं कळतं. पण आता दुपारी रस ओतून पाहिला, जिथे तो होता तिथली चमक मलूल पडली आहे. म्हणजे झिलई आंबटात उतरते. गुपित गुपित करत होतास, त्या गुपितात शिशाची भुकटी आहे ना रे? आणि मी विचारलं तेव्हा नवीन काही नाही म्हणालास!

तुला बोलू नये मी. तिला आंबट द्या असं मी सांगितलं. तुझ्याच बरणीत ठेव असं मी लिहिलं. पोरगी रोज एक पेला पीत होती, मी तीन करायला लावले. तुला मी रुग्णालयात जाऊ दिलं नाही, कारण मला वाटलं मला सगळं कळतं. खाटेवर पडल्या पडल्या, साठ कोसांवरून.

जा. पुढचं वाचायला थांबू नकोस. काही लिहिलेलं नाही.

२५ जानेवारी

ताईंना,

हे लिहीत नाहीत, त्यांना लिहवत नाही. मी लिहिते आहे.

तुमचं पत्र वाहकाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणून दिलं. त्या आधीच, दुपारी, भिंगरीला पहिला झटका आला होता. जेवायला वाढलं होतं, तिने हात पुढे केला आणि तो हात तसाच थरथरत राहिला. मग सगळं अंग. डोळे वर गेले. ह्यांनी तिला छातीशी धरलं पण उजव्या हातात जोर नाही, ती निसटत होती, शेवटी मी धरली. विटा नेणाऱ्या गाडीत घालून रुग्णालयात आणली. ह्यांना घरी राहिलेली चादर आणायला परत पाठवलं, तेव्हा वाहक दारात उभा होता.

इथल्या डॉक्टरांना मेंदूज्वर वाटला. पाठीच्या कण्यातून पाणी काढायची तयारी चालली होती. हे तुमचं पत्र घेऊन धावत आले आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, ह्यांना ओठ ओढायला सांगितला, बॅटरी मारून बघितलं, आणि ओरडून सुई थांबवली. नंतर म्हणाल्या, मेंदूला सूज असताना ते पाणी काढलं असतं तर मुलगी जागीच गेली असती. हे मी तुम्हाला सांगते आहे कारण खरं ते सांगावं.

आता दुसरं खरं सांगते. ताई, मी एक दिवस चुकवला नाही. तुमची चिठ्ठी मी देवाच्या फोटोशेजारी लावली होती. ज्या दिवशी ती जास्त दुखतं म्हणायची त्या दिवशी मी अर्धा पेला जास्त द्यायची. ती नको म्हणायची शेवटी शेवटी. नाक धरून पाजलं मी तिला. माझ्या हाताने.

तुम्हाला मी काय म्हणावं ते मला कळत नाही. भुकटीच्या पोत्यावर कवटी छापलेली होती, हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. हे म्हणतात, आगीत सगळं जळून जातं असं वाटलं. तुम्ही नोकरी कर म्हणून मागे लागाल म्हणून लपवलं म्हणतात.

इंजेक्शनं चालू आहेत, दर चार तासांनी. मांडीत खोलवर देतात. लघवीवाटे शिसं बाहेर पडतं म्हणतात. लोहाचं औषध त्यांनी आधी बंद केलं. भिंगरी अजून डोळे उघडत नाही.

३ फेब्रुवारी

पोरी,

तुझं पत्र आल्यापासून मी ते बरणीत ठेवलेलं नाही. बरणी फोडली. बसल्या जागेवरून काठीने.

मला काय म्हणायचं ते तुला सापडलं की लिही, मी वाचेन. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, ते तुझ्यावर ओझं होईल. एवढंच लिहिते की तुझ्या हातांनी काहीही केलेलं नाही. तू औषध दिलंस. माझ्यासारख्या जुन्या परिचारिकेने लिहून दिलेलं औषध आईने वेळेवर दिलं, यात तुझा काय दोष? दोष माझा आहे. पांढरा चेहरा पाहून मी लोह म्हटलं. रक्त कमी का झालं, हा प्रश्न नव्या पोरींना मी स्वतः शिकवायची. आणि माझ्याच भाचीच्या वेळी तो मी स्वतःला विचारला नाही.

डॉक्टरीणबाईंना विचार, इंजेक्शनांचा फेरा संपल्यावर रक्तातला आकडा पुन्हा चढतो का. चढतो बहुतेक, शिसं हाडांत जाऊन बसलेलं असतं, ते हळूहळू परत उतरतं. तेव्हा एका फेऱ्यात बरं झालं असं समजू नका. तुझंही रक्त तपासून घे. मडक्याचं तर घ्याच. घरात परत जाण्याआधी अंगण, फरशी, पांघरुणं ओल्या फडक्याने पुसा. कोरडं झाडू नका, भुकटी उडते. तिने ती झिलई ढवळली होती, आठवतं? कोपरापर्यंत.

आणि विकलेल्या बरण्या. त्या लोकांच्या घरातही लहान मुलं आहेत. मडक्याला सांग, तो जाईल. त्याला जावंच लागेल.

भिंगरीने डोळे उघडले तर मला दोन शब्द टाक. नाही उघडले तरी टाक.

ताई

२ एप्रिल

ताई,

हे डाव्या हाताने लिहितोय. पहिलीतल्या मुलासारखं दिसत असेल, हसू नकोस. म्हणजे हस. कोणीतरी हसायला हवं.

उजव्या पंजाला लाकडी पट्टी बांधली आहे, वर्षभराने थोडा जोर येईल म्हणतात. चाक बंद. भुकटीचं पोतं रुग्णालयाच्या माणसांनी येऊन नेलं.

बरण्यांसाठी घरोघर फिरलो. प्रत्येक दारात उभं राहून तेच सांगायचं, माझ्या बरणीत विष आहे, परत द्या. काहींनी लगेच आणून दिली. एक म्हातारी म्हणाली, इतकी चांगली बरणी, तुला परत घेऊन जास्त भावाने विकायची असेल, आणि दार लावून घेतलं. मी रोज जाऊन तिच्या ओट्यावर बसलो. सहाव्या दिवशी तिने दिली. आत लिंबाचं लोणचं होतं. तिची नातवंडं अंगणात खेळत होती, मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांना रुग्णालयात न्या म्हणून हात जोडले. नेलं त्यांनी. वेळेवर नेलं.

अकरा बरण्या अजून सापडल्या नाहीत. बाजारातून कोण घेऊन गेलं, माहीत नाही. आणलेल्या सगळ्या हिने हातोड्याने फोडल्या. माझ्या हातात हातोडा राहत नव्हता. तिने तुला अजून पत्र लिहिलं नाही हे मला माहीत आहे. पण काल भिंगरीचे सरकणारे मोजे वर ओढताना स्वतःशीच म्हणाली, ताईंचा पाय बरा झाला असेल आता. एवढंच म्हणाली.

भिंगरीने डोळे उघडल्याचा निरोप वाहकाकरवी पोचला असेलच. आता ती घरी आली. आठवड्याच्या वर झालं. तिसरा फेरा झाला. चालते, माझा हात धरून. मला बाबा म्हणते. आईला कधी म्हणते, कधी नुसती बघते. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून हे काय असं दिवसातून वीसदा विचारते. मी वीसदा सांगतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जे गेलं त्यातलं किती परत येईल ते कोणी सांगू शकत नाही, पण घाई करू नका. मी विचारलं, सगळं येईल का? त्या खोटं बोलल्या नाहीत. नाही म्हणाल्या.

अंगणात नेली काल. मी म्हटलं, भिंगरी, फिर ना गं. तिला कळलंच नाही मी काय म्हणतोय. मग मीच फिरून दाखवलं, दोन्ही हात पसरून, एक पट्टी बांधलेला. तिने टाळ्या वाजवल्या.

खाली बघ. आत्याला गोल काढ म्हणून सकाळी पेन्सिल दिली. जेवणापर्यंत बसली होती. तू नेहमी म्हणायचीस, मुलाचा हात धरून गिरवायला लावू नये, त्याचं त्याला काढू द्यावं. म्हणून मी धरला नाही. ती रेघ जिथून निघाली तिथे परत आली नाही, कागदाच्या कडेवरून बाहेर गेली. तिला वाटतं झालं. तू भिंतीला लाव.

मडक्या